घराचं वय

खेडहून एसटी, पुढे जीप, पुढे दीड तास चढ.
धनगरवाड्यावर पोचून ॲप उघडलं
तर पहिलाच रकाना : घराचे वय (वर्षे).
सगुणा आखाडे ताकाचा तांब्या पुढे करत म्हणाल्या,
कशाचं लिवताव?

मेढी आजेसासऱ्याच्या. ऐनाच्या.
तीनदा जागा बदलली, मेढी त्याच आल्या खांद्यावरनं.
वासे मधल्या दिराच्या लग्नातले.
कुडाला हे तिसरं साल.
वरचं गवत औंदाचं.
नि भुई कालची, सांजच्याला सारवली,
हात लावा, वली हाय अजून.

मी हात लावला.
ॲपला एकच आकडा हवा होता.

आत डोळे जरा उशिरा पोचतात.
उजवीकडे चूल, डावीकडे चार म्हशी,
मध्ये कमरेएवढी भिंत, म्हणजे भिंतीची आठवण फक्त.
थंडीत त्यांचा श्वास पांघरायचा, असं म्हणाल्या.
धुरानं वासे डांबरासारखे काळे.
मी म्हटलं, वाळवी?
त्या हसल्या.
खिळा शोधत मी टॉर्च फिरवला,
सगळीकडे केवणीच्या सालीच्या गाठी,
ओल्या असताना मारलेल्या, वाळताना घट्ट झालेल्या.
उन्हाची बारीक सुतं कुडातून जमिनीवर पडली होती
आणि एक पिल्लू ती चोचीनं उचलायला बघत होतं.

बाहेर सव्वीस माणसं भाजून निघतील असा फाल्गुन.
खेडला माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर,
वय नऊ,
रात्री दोन वाजेपर्यंत भिंती दिवसाचं देणं फेडत असतात.
हे मी ॲपमध्ये कुठे लिहू?

भिंतीचा प्रकार : कच्चा / पक्का.

कारवी कधी तोडता?
सगुणाबाईंनी समोरच्या उतारावर हात केला.
सात सालांनी फुलते. फुलली की मरते.
बी सांडून झालं, काड्या वाळल्या, मग आमचा कोयता.
जितीला न्हाय लावायचा हात.
उतारावर हिरवी, पोरवयाची कारवी उभी होती,
चौथीतली असेल.
तिच्या पायथ्याशी दरी, दरीच्या टोकाला
दाभोळच्या खाडीची पत्र्यासारखी चमकणारी एक पट्टी.

सून सुंदरा इतका वेळ गप्प होती.
आता ती दारात आली नि दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले.
सारवून सारवून रेषा गेल्यात, साहेब.
परवा कुडातनं घोणस आली, पोराच्या उशाशी.
तुम्ही पक्कं लिवा.
म्हणजे कच्चं लिवा, म्हणजे पक्कं मिळंल.
सगुणाबाई तांब्याकडे बघत राहिल्या.
त्या नाही म्हणाल्या नाहीत.

जाताना त्यांनी मला जुनी जागा दाखवली,
पंचवीस वर्षांपूर्वी हे घर जिथे होतं तिथे.
तीन दगड चुलीचे.
एक फणस, कुणी न लावलेला.
बाकी गवत, आणि गवतात त्यांच्याच म्हशी.
मी पायानं चाचपलं : एखादी वीट, काच,
सिमेंटचा चुरा, पत्र्याचा तुकडा.
काही नाही.
हितंच माझा थोरला झाला, त्या म्हणाल्या,
आणि फणसाच्या बुंध्याला हात लावून
त्याची साल तपासावी तशी तपासली.

माझ्या इमारतीच्या मागे मागच्या इमारतीचा ढीग आहे,
सहा वर्षं झाली, कुणी उचलत नाही.

शेवटी प्रकार : कच्चा.
वय : मी तीन लिहिलं, खोडलं,
ऐंशी लिहिलं, खोडलं,
एक लिहिलं. दिवसाचा रकाना नव्हता.
खाली शेरा होता, चाळीस अक्षरांपुरता.
तिथे लिहिलं :
पुढच्या भिंती अजून फुलायच्या आहेत.

रेंज खालच्या कातळावर येते, असं सुंदरानं सांगितलं.
मी फोन वर धरून उतरत राहिलो,
गोल गोल फिरणारी ती खूण बघत.
हाताला शेणामातीचा वास होता,
आणि कातळ आला तरी तो धुवायचं सुचलं नाही.